काम खरे, भटकंती गोड : गॉर्कीच्या कथांचा एक मराठी संग्रह

रशियन लेखक मॅक्झिम गॉर्कीच्या सुरुवातीच्या कथांचा एक निवडक मराठी संग्रह नव्या पेठेतल्या दुकानातून आणून वाचला. तो सोलापूरच्या वाचकाने घ्यावा का, या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे; मात्र त्यातल्या सगळ्याच कथांवर सारखा विश्वास टाकू नये, हेही लगेच सांगितले पाहिजे. संग्रहात दोन जातींची माणसे भेटतात. एक तळघरात, बंदरावर किंवा परक्याच्या शेतात राबणारे मजूर, आणि दुसरे कुठेही न टिकणारे, गावाने ओवाळून टाकलेले भटके. मजुराविषयी लिहिताना गॉर्कीची नजर कामाच्या वेळेवर, भिंतीच्या ओलीवर आणि मालकाच्या हिशेबावर असते. भटक्याविषयी लिहिताना मात्र त्याचा सूर हळूहळू चढत जातो आणि उपाशी माणसाच्या जागी स्वातंत्र्याची एक मूर्ती उभी राहते. ज्या शहरात भटक्या जमातींना तारेच्या कुंपणात आणून गिरणीच्या पाळीला जुंपले गेले, त्या शहरात बसून ही मूर्ती न्याहाळताना मनात शंका येणे स्वाभाविक आहे. या परीक्षणातली माझी मुख्य तक्रार तीच आहे.

लेखकाची ओळख संग्रहात फारच त्रोटक दिली आहे, म्हणून ती थोडी विस्ताराने देतो. अलेक्सेइ पेश्कोव हे त्याचे खरे नाव. त्याचा जन्म 1868 साली व्होल्गेच्या काठच्या निझ्नी नोव्हगोरोद या शहरात झाला. वडील आणि आई लहानपणीच गेल्यामुळे तो आजोळी वाढला. आजोबा तरुणपणी नदीकाठाने दोर खांद्यावर घेऊन गलबते ओढण्याचे काम करीत आणि पुढे त्यांनी कापड रंगवण्याचा कारखाना काढला. सुताच्या रंगाने ज्यांचे हात मनगटापर्यंत निळे-लाल होतात अशी माणसे आमच्या शहराच्या पूर्व भागात रोज दिसतात, त्यामुळे सोलापूरच्या वाचकाला हे आजोळ फारसे परके वाटणार नाही. पुढे या मुलाने आगबोटीवर भांडी घासली, आणि त्याच आगबोटीवरच्या आचाऱ्याने त्याला वाचनाची गोडी लावली. विद्यापीठात शिकायला मिळेल या आशेने तो 1884 साली कझानला गेला आणि पोहोचला बेकरीच्या तळघरात. त्यानंतर दक्षिण रशियातून, क्रिमिया आणि कॉकेशसमधून तो पायी हिंडला, आणि त्याची पहिली कथा 1892 साली तिफ्लिसच्या (आजच्या त्बिलिसीच्या) एका वर्तमानपत्रात छापून आली. म्हणजे मजुरी आणि भटकंती या दोन्ही गोष्टी त्याने अंगावर काढल्या होत्या. त्यामुळे त्याला माहिती नव्हती असा आक्षेप कोणी घेऊ शकत नाही. माहिती असूनही त्याने एका ठिकाणी ती वापरली आणि दुसऱ्या ठिकाणी बाजूला ठेवली, एवढाच माझा मुद्दा आहे.

संग्रहाचा खरा ऐवज म्हणजे 1899 सालची सव्वीस बेकरी कामगारांची आणि तान्याची कथा. केवळ या एका कथेसाठी पुस्तक विकत घेतले तरी पैसे वसूल झाले असे मी म्हणेन. सव्वीस माणसे एका तळघरात पहाटेपासून रात्रीपर्यंत कणीक मळतात आणि वळ्या करून खारी कडी (प्रेट्झेलसारखी वेटोळी बिस्किटे) भाजतात. खिडकीसमोर ओलीने हिरव्या पडलेल्या विटांचा खड्डा आहे, काचांवर पिठाचा थर आहे, आणि बाहेरून मालकाने लोखंडी जाळी ठोकली आहे. ती जाळी चोरांसाठी नाही. या कामगारांनी खिडकीतून एखाद्या भिकाऱ्याला किंवा काम सुटलेल्या आपल्याच सोबत्याला पावाचा तुकडा देऊ नये, म्हणून ती बसवलेली आहे. मालकाचा स्वभाव, मजुरांची स्थिती आणि त्यांच्यात शिल्लक असलेली माणुसकी असे सगळे गॉर्की या एका जाळीत सांगून टाकतो आणि त्यावर एकही शेरा मारीत नाही. दिवसभर जे पदार्थ ही माणसे बनवतात, ते ती स्वतः खात नाहीत, त्यांना काळी भाकरीच बरी वाटते, हा तपशीलही असाच जाता जाता येतो. यंत्रमागाच्या शेडमध्ये ज्याने पाळ्या काढल्या आहेत किंवा घरी तेंदूपत्ता भिजवून, कापून, विड्या वळून त्या कारखान्यात देताना ज्या बाईने आपल्या मालातली छाट बाजूला पडताना पाहिली आहे, त्यांना या तपशिलांचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

परंतु कथेची ताकद एवढ्यावर थांबत नाही. वरच्या मजल्यावर जरीकाम करणारी सोळा वर्षांची तान्या रोज सकाळी या तळघराच्या दाराशी येते आणि थोडी कडी मागून नेते. ही माणसे तिच्यासाठी लाकडे फोडतात, तिला जपून राहण्याचा उपदेश करतात, तिच्याविषयी एकही वावगा शब्द बोलत नाहीत. त्यांच्यापैकी एकाने आपला एकुलता एक सदरा शिवून देशील का असे विचारले, तेव्हा ती तुच्छतेने हसली. पण राग तान्यावर निघाला नाही, सदरा पुढे करणाऱ्याचीच सगळ्यांनी टर उडवली. ज्यांच्याकडे पूजण्यासारखे काहीच उरलेले नाही, ती माणसे तान्याला देव करतात. मग शेजारच्या पावाच्या कारखान्यात एक सुटलेला शिपाई कामाला येतो, बायका आपल्यामागे कशा लागतात याच्या फुशारक्या मारतो, आणि या सव्वीस जणांपैकीच एक जण त्याला डिवचून बसतो. आता देवाची परीक्षा सुरू होते. तान्या शेवटी एक साधी तरुण मुलगी निघते, तेव्हा हीच माणसे अंगणात तिला घेरतात आणि तिच्यावर शिव्यांचा मारा करतात. ती मात्र ताठ मानेने त्यांना कैदी म्हणते आणि निघून जाते.

आपल्याकडच्या श्रमिकांवरच्या पुष्कळ कथांमध्ये एक सवय दिसते. मजूर गरीब आहे म्हणून तो सज्जनही असलाच पाहिजे, आणि वाईटपणा सगळा मुकादमाच्या किंवा मालकाच्या वाट्याला गेला पाहिजे, असा तो अलिखित करार असतो. गॉर्कीने इथे तो करार मोडला आहे. तळघराने या माणसांचे फक्त शरीर बिघडवलेले नाही, त्यांचे प्रेमही बिघडवले आहे. तान्या आपली आहे असे त्यांना वाटते, पण तिला स्वतःचे आयुष्य असू शकते हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. मालकाने त्यांना जसे वापरले, तसेच त्यांनी तिला वापरले, फक्त त्यांना त्याचा पत्ता नाही. कथा त्यांना क्षमाही करीत नाही आणि शिक्षाही देत नाही. निवेदक स्वतः त्या सव्वीस जणांपैकीच एक आहे, पूर्ण कथा 'आम्ही' असे म्हणत सांगतो, आणि त्यामुळे वाचकालाही बाजूला उभे राहून न्याय करण्याची सोय उरत नाही.

1895 सालची 'चेल्काश' याहून अधिक प्रसिद्ध आहे, पण माझ्या मते ती अर्धीच श्रेष्ठ आहे. तिची सुरुवात बंदराच्या वर्णनाने होते. धुळीने माखलेले हमाल धान्याची पोती पाठीवर वाहून प्रचंड जहाजांच्या पोटात ओततात, का, तर त्याच धान्यातले मूठभर स्वतःच्या पोटात पडावे म्हणून. माणसानेच घडवलेल्या यंत्रांपुढे माणूस किती क्षुद्र दिसू लागतो, हे त्या दोन-तीन पानांत असे उतरले आहे की पुढची चोरीची गोष्ट नसती तरी चालले असते. गाव्रिला हा शेतकरी पोरगाही सुरुवातीला उत्तम रंगवला आहे. तो दक्षिण रशियातल्या कुबानला गवत कापणीच्या मजुरीसाठी गेला होता, पण दुष्काळी भागातून इतके लोक तिथे लोटले होते की मजुरीचा दर पार कोसळला. हाती पैसा न घेता घरी परतलो तर कुणाच्या तरी घरी घरजावई होऊन सासऱ्याच्या शेतात आयुष्यभर राबावे लागेल, ही त्याची भीती आहे. उचल घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या आणि हंगाम संपल्यावर मुकादमाकडे हिशेब ऐकणाऱ्या कोणत्याही कुटुंबाच्या तोंडी हे बोलणे सहज शोभेल. कर्ज, मजुरीचा पडलेला दर आणि लग्नाचा सौदा या तीन गोष्टी एका पोराच्या साध्या बडबडीतून बाहेर काढणारा लेखक लहान नव्हे.

यानंतर कथा घसरते. चेल्काश हा बंदरावरचा सराईत चोर रात्री गाव्रिलाला वल्हवायला घेऊन माल पळवतो, सकाळी पैसे हातात येतात, आणि गाव्रिला त्या पैशांसाठी त्याच्या पायावर लोळण घेतो. चेल्काश तिरस्काराने पैसे फेकून देतो. याला मारून टाकावे असे आपल्या मनात आले होते, हे गाव्रिला बोलून जातो, तेव्हा चेल्काश पैसे परत हिसकावतो. पोरगा मागून दगड घालतो, घाबरतो, परत येऊन क्षमा मागतो, आणि शेवटी बहुतेक रक्कम घेऊनच जातो. या सगळ्या प्रसंगात लेखकाचे पारडे उघडपणे चोराच्या बाजूला झुकलेले आहे. चोर उदार, मानी, समुद्रावर जीव टाकणारा. शेतकरी लोभी, भित्रा, जमिनीला चिकटलेला. ज्याला गावी घर चालवायचे आहे त्याचा लोभ आणि ज्याच्यामागे कुणीच उरले नाही त्याचे औदार्य यांची तुलना करताना दोघांच्या डोक्यावरचे ओझे आधी मोजायला हवे होते. तसे गॉर्कीने केले नाही. चेल्काशलाही कधीकाळी गाव, बायको आणि आईबाप होते, हे तो एका सुंदर परिच्छेदात सांगतो आणि लगेच विसरतो.

गॉर्कीची पहिली छापील कथा 'मकार चुद्रा' तर या गोडव्याचा कळस आहे. म्हातारा जिप्सी शेकोटीपाशी बसून लोइको झोबार आणि राद्दा यांची प्रेमकहाणी सांगतो. दोघांनाही स्वातंत्र्य प्रेमापेक्षा मोठे वाटते आणि त्यापायी दोघेही मरतात. भाषेत संगीत आहे, यात वाद नाही. पण हा तांडा कोणत्या गावाच्या शिवेवर उतरला, त्याला तिथे कोणी थांबू दिले, कणीक कुठून आली, घोडा कोणाचा, आणि रात्री गावात चोरी झाली तर सकाळी कोणाला उचलले जाणार, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर कथेत नाही.

सोलापूरच्या वाचकाला हे प्रश्न सुचतात याला कारण आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले, 1911 च्या कायद्याने ही व्यवस्था अधिक पसरली, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सोलापुरात अशा जमातींसाठी सरकारी वसाहत उभी राहिली. पारधी, कैकाडी, टकारी, कंजारभाट अशा समाजांतली कुटुंबे तिथे आणली गेली. कुंपणाबाहेर जायला परवानगी लागे, ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे, आणि कामासाठी शहरातल्या कापड गिरण्या होत्याच. 1877 साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून पुढे वाढत गेलेल्या गिरण्यांना माणसे हवी होती, आणि वसाहतीला आपली माणसे 'सुधारल्याचे' दाखवायचे होते. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द झाला, तरी त्या भागाला शहर आजही सेटलमेंट म्हणूनच ओळखते आणि रिक्षावाल्यालाही तेवढेच नाव पुरते. म्हणजे गॉर्कीच्या संग्रहात जे दोन वेगळे नायक आहेत, राबणारा आणि हिंडणारा, ते आमच्या शहरात एकच माणूस होते. हिंडणाऱ्याला धरून आणले आणि राबणारा केले. त्याची भटकंती ही त्याची मिजास नव्हती. ती त्याची रोजीरोटी होती, आणि ती काढून घेण्याची शिक्षा त्याने कोणताही गुन्हा न करता भोगली. हे ज्याच्या शेजारी घडले, त्याने राद्दाच्या स्वातंत्र्यावर लुब्ध होण्याआधी क्षणभर थांबावे, एवढीच अपेक्षा आहे.

इथे अण्णा भाऊ साठे यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. त्यांना महाराष्ट्राचा गॉर्की म्हणण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे आणि गॉर्कीविषयी त्यांना आदर होता हेही खरे. तरीही भटक्या आणि गावकुसाबाहेरच्या माणसाच्या बाबतीत शिष्य गुरूच्या पुढे गेला, असे माझे मत आहे. 'स्मशानातील सोनं' या कथेतला भीमा खाणीवरचे काम सुटले म्हणून रात्री मढी उकरून दातांतले, कानांतले सोने शोधतो, कोल्ह्यांशी झुंजतो, आणि शेवटी प्रेताच्या जबड्यात अडकलेल्या बोटांना मुकतो. मग बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली आहे. चेल्काशइतकाच भीमाही दांडगा आणि बेडर आहे, पण अण्णा भाऊ त्याच्या दांडगाईचे गाणे करीत नाहीत. घरातली माणसे आणि बंद पडलेली खाण कथेच्या एकाही पानावर नजरेआड होत नाहीत. चोरी आणि मजुरी यांच्यामधली रेघ मालकाच्या एका निर्णयाने कशी सरकते, हे तिथे जितके स्वच्छ दिसते तितके 'चेल्काश'मध्ये दिसत नाही.

गॉर्कीवर अन्याय होऊ नये म्हणून हेही नोंदवले पाहिजे की त्याच्याच दोन कथा त्याच्या गोडव्याला उत्तर देतात. 'माझा सोबती' या 1894 सालच्या कथेत निवेदक ओडेसाहून तिफ्लिसपर्यंत एका निर्धन झालेल्या जॉर्जियन राजपुत्राबरोबर पायी जातो. वाटेत निवेदकाने कमवायचे आणि राजपुत्राने खायचे, अशी वाटणी आपोआप होऊन बसते. घरी पोहोचल्यावर सगळे भरून देईन म्हणणारा हा सोबती तिफ्लिसला पोहोचताच नाहीसा होतो. रस्त्यावरही एकाच्या श्रमावर दुसरा जगतो, वरचा आणि खालचा हा भेद धर्मशाळेतही संपत नाही, असे सांगणारी ही विनोदी कथा या संग्रहात सगळ्यांत कमी वाखाणली जाते आणि म्हणूनच मी तिची शिफारस करतो.

दुसरी कथा 'कोनोवालोव', 1897 सालची. कोनोवालोव हा बेकरीतला कसबी भट्टीवाला. कणकेवर त्याचा हात फिरू लागला की पाहत राहावे असा. निवेदक त्याला पुस्तके वाचून दाखवतो, आणि पुस्तकातल्या दोन दरिद्री शेतकऱ्यांसाठी हा दांडगा माणूस व्याकूळ होतो. ज्याने हे लिहिले त्याला काही बक्षीस मिळाले का, असे तो विचारतो. निरक्षर कामगाराचे वाचन इतक्या आदराने दाखवणारी पाने मी फार कमी वाचली आहेत. निवेदक त्याला पटवू पाहतो की तू परिस्थितीचा बळी आहेस. कोनोवालोव ते साफ नाकारतो. माझ्या आयुष्याचा दोष माझाच, माझ्यातच काहीतरी कमी आहे, असे तो ठामपणे म्हणतो. पुढे तो दारूत बुडतो, निघून जातो, क्रिमियातल्या फिओदोसियाच्या बंदराच्या बांधकामावर पुन्हा भेटतो, आणि तुरुंगात जीव देतो. ही शेवटची बातमी कथेच्या पहिल्याच पानावर दिलेली आहे, त्यामुळे पुढची सगळी हसतीखेळती पाने वाचताना ती सोबत राहते. इथे भटकंती कुठेही गोड झालेली नाही. पाय थांबत नाहीत, कारण कुठे थांबावे ते त्याला कळत नाही, आणि लेखकालाही त्याचे पूर्ण उत्तर सापडलेले नाही, हे लेखक लपवीत नाही.

आता पुस्तकाविषयी. अनुवाद एकंदरीत वाहता आहे आणि संवाद मराठी कानाला खटकत नाहीत. पण मांडणीत निष्काळजीपणा आहे. कोणत्याही कथेखाली तिचे साल दिलेले नाही आणि कथांचा क्रमही कालानुसार लावलेला नाही. 1892 चा चोवीस वर्षांचा गॉर्की आणि 1899 चा गॉर्की यांच्यात किती अंतर आहे, हे त्यामुळे वाचकाला कळूच शकत नाही. एकाच पात्राचे नाव दोन पानांवर दोन तऱ्हांनी छापले आहे. प्रस्तावना तर निव्वळ आरती आहे. तिच्यात 'शोषित', 'वंचित' हे शब्द ठायी ठायी आहेत, पण त्या बेकरीत किती तास काम चालत असे यावर एक वाक्य नाही. अक्षरांचा आकार मात्र चांगला मोठा आहे आणि बांधणी पक्की आहे, वाचनालयाच्या वापरातही टिकेल. पूर्व भागातल्या वाचनालयांनी आणि कामगार संघटनांच्या कार्यालयांनी एकेक प्रत ठेवावी असे मला वाटते.

घेणाऱ्याने छापलेल्या क्रमाने वाचू नये. आधी सव्वीस जणांची कथा वाचावी, आणि शक्य असेल तर चार माणसांत मोठ्याने वाचावी, कारण त्यातला 'आम्ही' तेव्हाच नीट ऐकू येतो. मग 'कोनोवालोव', त्यानंतर 'माझा सोबती' आणि 'चेल्काश' ही जोडी. 'मकार चुद्रा' सगळ्यांत शेवटी ठेवावी, आणि तोवर कंटाळा आला असेल तर ती वाचली नाही तरी चालेल.